सुरण खाजतो, बिब्बा उततो: स्पर्शानं होणारा त्वचादाह

सुरण चिरायला घेताना आधी हाताला तेल चोळावं, हे सांगायला कुणी डॉक्टर लागत नाही. सुरण खाजतो. राबून राठ झालेल्या हातांना कमी खाजतो, लहान मुलांच्या कोवळ्या हातांना जास्त, पण सुटका कुणाचीच नाही. बिब्ब्याची गोष्ट वेगळी. बिब्बा ‘उततो’, आणि तो एखाद्यालाच उततो. एकाच घरातल्या दोघी जावा बिबे हाताळतात. एकीला काहीच होत नाही. दुसरीचे हात दोन दिवसांनी सुजतात, त्यावर पाण्याचे फोड येतात आणि रसाची बोटं नकळत जिथे जिथे लागली तिथे, पापण्यांवर, मानेवर, लाल चट्टे उठतात.

‘कॉन्टॅक्ट डर्मटायटिस’ या एका नावाखाली त्वचारोगतज्ज्ञ दोन आजार ठेवतात. आपल्या भाषेत ते या दोन क्रियापदांनी कधीचेच वेगळे करून ठेवलेत. पहिला सुरणाचा: पदार्थच जहाल, तो कातडीला सरळ इजा करतो. दुसरा बिब्ब्याचा: पदार्थ एरवी निमूट असेलही, पण तुमच्या शरीरानं त्याच्याशी वैर धरलेलं असतं. (बिब्ब्याचा दाट रस सरळ कातडीवर पडला तर तो कुणालाही भाजतो, ते निराळं. इथे बोलतोय ते जरा हात लागला तरी उतण्याबद्दल.) दिसायला दोन्ही जवळजवळ सारखेच: लाली, खाज, आग, बारीक फोड, लस पाझरणं, मग खपली, जुनं झालं की कातडी जाड, काळपट, भेगाळलेली. मलमंही बरीचशी तीच. फरक पडतो तो जपण्यात. सुरणाच्या प्रकारात संपर्क कमी केला की बहुतेकदा भागतं. बिब्ब्याच्या प्रकारात ‘कमी’ला फारसा अर्थ नसतो, कारण वैर असेल तर थेंबभरही पुरतो.

पुढे जायच्या आधी एक गैरसमज. ‘कॉन्टॅक्ट’ हा शब्द कानावर पडला की घरात टॉवेल वेगळा, ताट वेगळं, नातवाला जवळ घ्यायचं बंद, असे प्रकार सुरू होतात. हा आजार स्पर्शानं होतो म्हणजे वस्तूच्या स्पर्शानं. माणसाच्या स्पर्शानं तो दुसऱ्याला लागत नाही. फोडातली लस लागूनही पसरत नाही. लागण होते ती खरजेची, नायट्याची.

सुरणाच्या बाजूचे

सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या सुया असतात. त्या टोचतात. इजा करणारे पदार्थ कमीअधिक फरकानं असंच काहीतरी करतात, फक्त हत्यार बदलतं. आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर विटांच्या भिंतीसारखा समजा: मेलेल्या, चपट्या पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधली चरबी म्हणजे विटा जोडणारा चुना. साबण तेलकट मळ काढतो तेव्हा त्याला मळाची चरबी आणि भिंतीची चरबी यात फरक कळत नाही. त्यात कातडी स्वभावानं किंचित आम्ल आणि अंगाचा नेहमीचा साबण बऱ्यापैकी अल्कधर्मी. दिवसातून दोन-चारदा हात धुतले तर भिंत स्वतःची डागडुजी करून घेते. वीस-पंचवीसदा धुतले, किंवा रोज दोन तासांहून जास्त वेळ हात पाण्यात राहिले, की दुरुस्ती मागे पडते आणि मोडतोड पुढे जाते.

म्हणून हा आजार गुपचूप येतो. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला पहिले काही महिने नुसते हात ओढल्यासारखे वाटतात. मग बोटांच्या बेचक्यांत लाली, अंगठीखाली खाज (तिथे साबण अडकून राहतो), मग सांध्यांवर भेगा. नर्स, केस धुणारी पार्लरमधली मुलगी, केटरिंगमधला पोरगा, तान्ह्या बाळाची आई, सगळे याच वाटेचे प्रवासी. बाळाच्या लंगोटाखाली येणारी लालीही बहुधा हीच. कॉन्टॅक्ट डर्मटायटिसच्या एकूण रुग्णांत मोठा वाटा या प्रकाराचा असतो, साधारण पाचांत चार. पण ‘ॲलर्जी’ हा शब्द जास्त वजनदार वाटतो, म्हणून बहुतेक जण स्वतःला पाचव्यात मोजतात.

बिब्ब्याच्या बाजूचे

हा प्रकार समजायला थोडा वेळ द्यावा लागतो. कातडीत शाखा फुटलेल्या काही पेशी पहारा देत असतात. १८६८ साली पॉल लँगरहान्स नावाच्या जर्मन विद्यार्थ्यानं त्या शोधल्या आणि त्याला वाटलं या मज्जासंस्थेच्या पेशी आहेत. तसं नव्हतं, तरी नाव त्याचंच राहिलं. निकेलचा कण किंवा रंगाचा रेणू इतका लहान असतो की प्रतिकारशक्ती एरवी त्याची दखलही घेत नाही. पण कातडीत शिरून तो आपल्याच प्रथिनाला चिकटला की ते जोडपं परकं दिसू लागतं. पहारेकरी पेशी त्याला धरून जवळच्या लसिका गाठीपर्यंत नेतात, आणि तिथे टी पेशींची, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या शिपायांची, एक तुकडी याच एका शत्रूला ओळखायला तयार होते. या तयारीला दहा-पंधरा दिवस लागतात. एवढ्या काळात अंगावर काहीच दिसत नाही.

दिसतं पुढच्या भेटीत. तेव्हाही लगेच नाही. तुकडी गोळा होऊन त्या जागी पोचायला एक ते तीन दिवस जातात. अंगावर पित्त उठतं तेव्हा गांधी काही मिनिटांत येतात आणि काही तासांत जातात. इथे मामला सावकाश चालतो आणि आठवडे रेंगाळतो. त्यामुळे रविवारी उठलेल्या पुरळासाठी आपण रविवारचं जेवण आठवत बसतो आणि गुन्हेगार गुरुवारचा असतो.

दुसरी फसगत याहून मोठी. ‘नवीन काय वापरलं?’ हा प्रश्न आपण स्वतःला विचारतो, डॉक्टरही विचारतात. पण वैर जुन्या ओळखीतूनही येतं. वीस वर्षं तोच केसांचा कलप लावणाऱ्या माणसाचा चेहरा एकविसाव्या वर्षी सुजतो आणि तो म्हणतो, “छे, हा तर माझा नेहमीचा आहे.” नेहमीचा आहे म्हणूनच. जितक्या भेटी, तितक्या संधी. आणि एकदा ओळख पटली की शरीर ती सहसा विसरत नाही, जन्मभर.

बिब्ब्याचा एक जुना किस्सा यात चपखल बसतो. धोबी कपड्यांवर खूण करायला बिब्ब्याचा रस वापरत, तो धुऊन जात नाही म्हणून. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर, कमरेवर, नेमकी धोब्याची खूण असेल तिथे फोड येऊ लागले. त्यांनी जन्मात बिब्बा पाहिला नव्हता. पण त्यांच्या देशात पॉयझन आयव्ही नावाची वेल रानोमाळ असते. तिच्या चिकातला पदार्थ आणि बिब्ब्यातला पदार्थ सख्खे नसले तरी चुलत आहेत. शरीरानं एकाशी वैर धरलं होतं, दुसऱ्यानं मध्येच येऊन बिब्बा घातला. आंबा आणि काजू याच कुळातले. कोकणात आंबा उतरवताना देठाचा चीक ओठाला, हाताला लागून होणारे चट्टे, आणि काजूच्या टरफलातल्या तेलानं कारखान्यातल्या बायकांचे सोलवटलेले हात, ही त्याच घराण्याची देणगी. पिकल्या आंब्याचा गर बहुतेकांना चालतो. नडते ती साल आणि देठाजवळचा चीक.

अंगावरचा नकाशा

पुरळ कुठे आहे यावरून अर्धा तपास होतो. बेंबीच्या खाली रुपयाएवढा चट्टा असेल तर जीन्सचं बटण पाहा. कानाच्या पाळ्या, मानेभोवतीची रेष, मनगट: खोटे दागिने आणि घड्याळाचा पट्टा. यामागे बहुधा निकेल असतं. घामात ते विरघळतं, म्हणून मे महिन्यात त्रास वाढतो आणि पावसाळ्यात ‘बरं वाटलं’ म्हणून तेच कानातलं परत घातलं जातं. पावलांच्या वरच्या बाजूला इंग्रजी व्ही अक्षर उमटलंय? रबरी चप्पल. तीही नवीच असेल असं नाही. चिरणाऱ्याच्या डाव्या हाताचा अंगठा आणि पहिली दोन बोटं, तीही फक्त टोकाला सुकून भेगाळलीत? लसूण त्याच बोटांत धरून सोलला जातो. (यावर हातमोजा हा उपाय सहज सुचतो, पण लसणातला तो पदार्थ बऱ्याच जातींच्या मोज्यांतून आरपार जातो. सोललेला लसूण विकत घेणं जास्त कामाचं.)

पापण्या सगळ्यात फसव्या. तिथली कातडी इतकी पातळ की हातानं आणलेलं काहीही आधी तिथेच उमटतं: नेलपॉलिश, कलप, अत्तर. बोटं ठणठणीत आणि पापण्या सुजलेल्या, असं चित्र नेहमीचं.

कलपाबद्दल थोडं सविस्तर, कारण हे प्रकरण कधी कधी इस्पितळापर्यंत जातं. काळ्या कलपात पॅराफेनिलीनडायअमिन, बोली नाव पीपीडी, असतं. अस्सल मेंदी नारिंगी-तांबडा रंग देते. ‘काळी मेंदी’ म्हणून विकलं जाणारं, पटकन रंगणारं जे असतं, त्यात बहुधा हेच मिसळलेलं. लग्नात लहान मुलीच्या हातावर हौसेनं काढलेली काळी नक्षी तिच्या शरीराला पीपीडीची ओळख करून देऊ शकते, आणि ती ओळख वीस वर्षांनी पहिल्या कलपाच्या वेळी जागी होते. खोक्यावर लिहिलेली ४८ तास आधीची चाचणी, म्हणजे कानामागे थोडासा कलप लावून वाट पाहणं, जवळजवळ कुणी करत नाही. करावी. दरवेळी करावी. आधी कधी किंचितही खाज आली असेल तर चाचणीच्याही फंदात पडू नये.

टिकलीची गोष्ट वेगळ्या कारणानं दुखरी. टिकलीच्या मागच्या गोंदात पॅराटर्शरी ब्यूटिलफिनॉल असू शकतं, आणि ते रंग तयार करणाऱ्या पेशीच मारतं. कपाळाच्या मधोमध पांढरा गोल डाग पडतो, कधी आधी खाज येऊन, कधी काही न होता. मग घरात ‘कोड’ हा शब्द कुजबुजला जातो आणि स्थळांची बोलणी थांबतात. टिकली बंद केली की काहींचा रंग हळूहळू परततो, सगळ्यांचा नाही. म्हणून नुसती खाज येत असतानाच टिकली बदलावी, डाग पडायची वाट पाहू नये. कुंकवातले काही रंग उलट काम करतात आणि कपाळ काळवंडतं.

आणखी एक वारंवारचा गुन्हेगार औषधाच्या वेषात येतो. जखमेवर लावायच्या काही मलमांतलं निओमायसिन हे अँटिबायोटिक अनेकांना उततं. जखम बरी होत नाही म्हणून मलम, आणि मलमामुळे जखम बरी होत नाही.

गाजरगवत

यावर थांबायलाच हवं, कारण भारतातल्या या गवताच्या कहाणीची सुरुवात पुण्याजवळची. १९५० च्या दशकाच्या मध्यावर त्याची नोंद पुण्यात झाली. अमेरिकेतून आलेल्या गव्हातून बी आलं असं सांगतात. काँग्रेस गवत, पांढरफुली, चटकचांदणी, नावं अनेक. पुढच्या दोन दशकांत पुण्याच्या आसपासच्या शेतकऱ्यांत आणि मजुरांत एक नवाच आजार दिसू लागला: चेहरा, मान, कोपराच्या घड्या लाल, जाड, सतत खाजणाऱ्या. गवताच्या अंगावरच्या बारीक लवेत पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. गवत वाळलं की त्याचा भुगा वाऱ्यावर उडतो, म्हणजे गवताला हात लावायचीही गरज उरत नाही.

हे बऱ्याचदा ‘उन्हाची ॲलर्जी’ म्हणून खपून जातं. ओळखायची एक जुनी युक्ती आहे. ऊन जिथे पोचत नाही अशा जागा पाहा: हनुवटीच्या खाली, कानाच्या मागे, वरच्या पापणीची घडी. ऊन या जागा सोडतं, धूळ सोडत नाही. मात्र जुन्या रुग्णांना पुढे उन्हाचाही खरोखर त्रास सुरू होतो, मग चित्र गढूळ होतं. अशा रुग्णांनी शेवंतीच्या हारांपासूनही दूर राहावं, ती त्याच कुळातली. गवत उपटायचं तर फुलोऱ्याआधी, ओलं असताना, आणि ज्याला त्रास आहे त्यानं अजिबात नाही. दुसऱ्याला सांगावं. कडक वाळलेलं जाळणं किंवा झोडपणं म्हणजे संकटाला वर फेकून खाली झेलणं. घरी आलं की आंघोळ, कपडे लगेच धुवायला. तीव्र आजारात डॉक्टर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या अझाथायोप्रिनसारख्या गोळ्या महिनोन्महिने देतात, रक्ताच्या तपासण्या करत.

पाठीवरची परीक्षा

संशयित बरेच असतील तर पॅच टेस्ट. १८९५ साली योझेफ यादासोन या जर्मन डॉक्टरनं ती मांडली. पाऱ्याच्या औषधानं पुरळ आलेल्या रुग्णाच्या अंगावर मुद्दाम पाऱ्याचं मलम लावून त्यानं तेवढ्याच जागी पुरळ उठवून दाखवलं. आजही कल्पना तीच. बारीक वाट्यांत निरनिराळे पदार्थ घालून पट्टी पाठीवर चिकटवतात, ४८ तासांनी काढून वाचतात, आणि आणखी एक-दोन दिवसांनी परत वाचतात, कारण आळशी प्रतिक्रिया उशिरा उठतात. तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही, घामाचं काम नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगायचं, नाहीतर निकाल खोटा येऊ शकतो.

रक्त काढून शंभरेक पदार्थांची ‘ॲलर्जी पॅनेल’ करणाऱ्या महागड्या तपासण्या इथे उपयोगाच्या नाहीत. त्या दुसऱ्या, काही मिनिटांत उठणाऱ्या जातीच्या ॲलर्जीसाठी असतात. वांगं बंद, आंबट बंद, हा सल्लाही बहुतेक वेळा निष्कारण. लागलं कातडीला, शिक्षा जिभेला.

नवं क्रीम वापरायचं असेल तर घरची एक सोपी चाचणी आहे: कोपराच्या आतल्या बाजूला एकाच जागी दिवसातून दोनदा, आठवडा ते दोन आठवडे लावून पाहायचं. साबण, कलप, फिनाइल यांच्यावर मात्र ही युक्ती करू नये, त्यांनी कुणाचीही कातडी बिघडेल.

आता मलम

पहिलं काम धुणं: भरपूर साधं पाणी, चोळणं नाही. लस पाझरत असेल तर स्वच्छ मऊ फडकं गार पाण्यात बुडवून, पिळून, दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं, दिवसातून तीन-चारदा. हळदीचा लेप, लिंबू, टूथपेस्ट, ठेचलेला लसूण यातलं काहीही नको. लसणाच्या लेपानं भाजलेले लोक दवाखान्यात येतात. लिंबाचा रस लावून उन्हात गेलात तर नवेच डाग पडतील.

मुख्य औषध स्टेरॉइड मलम, आणि इथे दोन टोकांचे लोक भेटतात. काही ‘स्टेरॉइड’ ऐकूनच हात झटकतात, काही औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय ट्यूब आणून वर्षभर चोळतात. योग्य तीव्रतेचं मलम, सांगितलेले दिवस, सांगितलेल्या जागी, हे सुरक्षित असतं. चेहऱ्याला आणि जांघेला सौम्य, तळहाताला जोरकस. किती लावायचं याचं मापही आहे: तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेली रेघ, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. दुकानदार देतो त्या ‘थ्री इन वन’ ट्यूबमध्ये जोरकस स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र असतं. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून ती आवडते. दुखणं मुळात नायटा असेल तर तो या मलमाखाली रूप बदलून पसरतो. चेहऱ्यावर महिनोन्महिने लावली तर कातडी पातळ होते, तांबड्या शिरा दिसतात आणि बंद केल्यावर आग होते. ते दुखणं मूळ आजाराहून वाईट.

चेहरा किंवा जननेंद्रियं सुजली, पिवळी खपली किंवा ताप आला, चट्टे झपाट्यानं पसरले किंवा दोन-तीन आठवड्यांत उतरले नाहीत, तर थांबू नये. आणि कलप किंवा रबरी हातमोजा लागल्यावर काही मिनिटांत श्वास जड झाला, ओठ सुजले, तर हा आजार त्वचेपुरता उरलेला नाही, सरळ तातडीच्या विभागात.

वरून कातडी दोन-तीन आठवड्यांत छान दिसू लागते. भिंत मात्र आतून पुरती भरायला महिने लागतात. हात बरे झाले म्हणून लगेच साबणाकडे वळणारे परत तिथेच येतात. तोवर दर धुण्यानंतर, हात दमट असतानाच, बिनवासाचं घट्ट मलम. साधी पेट्रोलियम जेलीही चालते, आणि ती स्वस्त.

सगळ्यात अवघड रुग्ण गवंडी. निकेलवाला दागिना काढून ठेवतो, कलपवाली केस पांढरे ठेवते, गवंड्यानं काय करायचं? सिमेंट दोन्ही बाजूंनी खेळतं: ओलं असताना चुन्यासारखं भाजतं, आणि त्यातलं क्रोमेट (क्रोमियम धातूचं संयुग) वर्षानुवर्षांनी उतायला लागतं. युरोपात सिमेंटमधल्या या क्रोमेटवर दहा लाखांत दोन भाग अशी मर्यादा आहे, आणि ती गाठायला सिमेंटमध्ये फेरस सल्फेट मिसळतात. स्वस्त पदार्थ आहे. ज्याला काम सोडणं शक्य नाही त्याच्यासाठी उरतं ते एवढंच: ओला माल हातानं न कालवणं, गुडघ्यापर्यंत बूट, आतून कापडाचं अस्तर असलेले हातमोजे, बुटात सिमेंटचं पाणी शिरलं तर तिथल्या तिथे बूट काढून पाय धुणं, आणि जेवणाच्या सुट्टीत हात त्याच ड्रममधल्या पाण्यात न बुचकळणं. मोजे आतून ओले झाले की लगेच बदलायचे, कारण ओल्या मोज्यातला हात उघड्या हातापेक्षा लवकर बिघडतो. म्हणून जोड्या निदान दोन लागतात: एक हातात, एक वाळत घातलेली.